खुबा बदलल्यावर घरी आल्यानंतर पेनकिलरचं वेळापत्रक कसं बसवायचं?

ऋतुजा_क

आईच्या उजव्या खुब्याचं टोटल हिप रिप्लेसमेंट झालं. वय ६८, वजन ५६ किलो. चीर मागच्या बाजूने आहे. आज पाचवा दिवस, काल घरी आणलं. वॉकर घेऊन बेडरूम ते संडास एवढं चालते. दवाखान्यात सलाइनमधून औषधं चालू होती तोवर दुखणं आटोक्यात होतं, काल रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या:
पॅरासिटामॉल ६५०: १-१-१
ट्रामाडॉल ३७.५ + पॅरासिटामॉल ३२५: दुखलं तर
एटोरिकॉक्सिब ९०: १-०-०, सात दिवस
प्रेगाबालिन ७५ (नसांच्या दुखण्यावरची): ०-०-१
पॅन्टोप्राझोल ४०: सकाळी उपाशीपोटी
अपिक्साबॅन २.५ (रक्त पातळ करायची): १-०-१, ३५ दिवस

आधीपासून चालू: टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ (बीपीची एकच गोळी), शुगरसाठी मेटफॉर्मिन ५०० दोनदा. क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ऑपरेशनआधी १.० होतं, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी १.३ आलं. रिपोर्टवर ठळक अक्षरात नव्हतं म्हणून कुणी काही बोललं नाही.

अडचणी अशा:
१. ट्रामाडॉलची सवय लागते असं आईने ऐकलंय. अगदी रडकुंडीला येईपर्यंत घेत नाही.
२. आत्याने दुखण्याचे चिकटवायचे पॅच आणि तिच्या गुडघ्याच्या गोळ्या (एसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, सेरॅशिओपेप्टिडेज) आणून दिल्यात. 'याने सूज उतरते' म्हणते. अजून दिलेल्या नाहीत.
३. ऑपरेशनपासून पोट साफ झालेलं नाही. इसबगोल देऊ का?
४. हे सगळं किती दिवस चालतं, आणि आधी कुठली गोळी बंद करायची?

शुद्धीवर

भूलतज्ज्ञ आहे, रोजचं कामच हे. ऋतुजाताई, वेळापत्रकाचं नंतर बघू, कार्डातली एक गोष्ट आधी. आजची एटोरिकॉक्सिब दिली नसेल तर देऊ नका आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या टीमला आत्ताच फोन लावा. दिली असेल तर उद्याची देण्याआधी लावा.

कारण सांगतो. किडनीच्या गाळणीत रक्त आत नेणारी बारीक नळी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनामुळे उघडी राहते. एटोरिकॉक्सिब, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या सगळ्या गोळ्या तेच कमी करतात, म्हणून ती नळी आवळते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करतं, म्हणजे गाळणीतला दाब आणखी उतरतो. हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी कमी करतं. एकेकटी गोळी बहुतेकांना चालून जाते, तिन्ही एकत्र आल्या की किडनी अडचणीत येते. त्यात ऑपरेशनमधला रक्तस्राव, आणि संडासला उठायला नको म्हणून पाणीच कमी प्यायचं ही आपल्या घरोघरची सवय.

रिपोर्टवर ठळक आलं नाही म्हणून १.३ ठीक आहे असं नव्हे. ४८ तासांत ०.३ ने वाढ झाली तर त्याला किडनीची अचानक झालेली इजा म्हणतात, मग आकडा छापील मर्यादेत का असेना. त्यांच्या वयावजनाचा हिशोब करा: (१४० − ६८) × ५६, भागिले (७२ × १.३), बायकांसाठी गुणिले ०.८५. उत्तर येतं साधारण ३७, म्हणजे किडनी मिनिटाला साधारण तेवढे मिली गाळते. क्रिएटिनीन १.० असताना हेच ४८ होतं. आकडा अजून वाढत असेल तर खरी स्थिती ३७ पेक्षाही खाली असू शकते.

फोनवर 'दुखतंय' एवढंच सांगू नका, नाहीतर 'गोळ्या चालू ठेवा' एवढंच उत्तर मिळेल. असं सांगा: 'क्रिएटिनीन १.० वरून १.३ झालंय, टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड चालू आहे, त्यावर एटोरिकॉक्सिब ९० लिहिलंय. बंद करू का? बीपीच्या गोळीचं आणि मेटफॉर्मिनचं काय करू? क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियम पुन्हा कधी तपासू?' बीपी मोजून आकडा हाताशी ठेवा. बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर एटोरिकॉक्सिब तसंही द्यायचं नसतं, ते बीपी आणखी वाढवतं. दिवसभरात लघवी किती वेळा आणि साधारण किती झाली हेही सांगा. अपिक्साबॅन मात्र स्वतःहून एक वेळही चुकवू नका.

आता ट्रामाडॉल. तुमच्या आईला भीती ट्रामाडॉलची वाटते, पण त्यांच्या बाबतीत जास्त धोक्याची गोळी ही एटोरिकॉक्सिब आहे, जी 'साधी' वाटते. ट्रामाडॉलची सवय लागू शकते हे खरं आहे, म्हणूनच ते मोजके दिवस द्यायचं. पण ठरलेल्या प्रमाणात आठ-दहा दिवस घेऊन थांबणाऱ्याला ही अडचण क्वचित येते. उलट दुखणं अंगावर काढलं तर माणूस हलत नाही, खोल श्वास घेत नाही, छातीत कफ साठतो, पायात गुठळी होण्याची शक्यता वाढते. रडकुंडीला आल्यावर घेतलेली गोळी कमीही पडते, कारण तोवर मज्जातंतू चाळवलेले असतात आणि तेवढ्याच दुखण्याला शरीर दुप्पट ओरडतं. गोळी लागू पडायलाही तासभर जातो.

'दुखलं तर' याचा अर्थ आकड्यात ठरवून टाका. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. पडल्या पडल्या ४ किंवा चालताना ६ झालं की गोळी द्या. शून्यावर आणायच्या मागे लागू नका. चालताना ३-४, झोप तीन-चार तास सलग, खोकता येतंय, एवढं जमलं तर औषध बरोबर चाललंय. त्यांना एका वेळी एकच गोळी, दोन नाही. दोन गोळ्यांत किमान सहा तास. चक्कर आणि मळमळ पहिले दोन-तीन दिवस जास्त असते, म्हणून पोटात काहीतरी असताना द्या आणि दिल्यावर तासभर एकटं उठू देऊ नका.

खलबत्ता

फार्मासिस्टच्या नजरेतून सांगतो. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका ताटात काढा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. पुढच्या मोठ्या नावावर जाऊ नका, नावं कंपनीगणिक बदलतात.

दोन रकाने पाडा. पहिला पॅरासिटामॉलचा. ते ट्रामाडॉलच्या गोळीत आहे, आत्याच्या गोळीत आहे, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आहे. धडधाकट माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमपर्यंत चालतं. साठीच्या पुढे, वजन कमी, जेवण तुटक असेल तर ३ ग्रॅमच्या आत राहावं. तुमच्या कार्डावर ६५० तीनदा म्हणजे १९५०. ट्रामाडॉलच्या दोन गोळ्या धरल्या तर आणखी ६५०, एकूण २६००. इथवर ठीक. त्यात आत्याच्या दोन गोळ्या पडल्या की ३२५०. यकृताला होणारी इजा पहिल्या दिवशी कळत नाही, म्हणून हा हिशोब कागदावरच ठेवावा लागतो.

दुसरा रकाना सूज-दुखीच्या गोळ्यांचा, ज्यांच्याबद्दल शुद्धीवर यांनी लिहिलंय. या गटातलं एका वेळी एकच, आणि किडनी अशी असताना एकही नाही. आत्याची एसिक्लोफिनॅक याच गटातली. पॅचवर 'डायक्लोफिनॅक १०० मिग्रॅ' किंवा '२०० मिग्रॅ' लिहिलेलं असेल तर तोही याच रकान्यात. बाहेरून लावतोय म्हणून मोजायचं नाही असं लोक धरून चालतात, पण तो पॅच औषध रक्तात पोचवण्यासाठीच बनवलेला आहे. अपिक्साबॅन चालू असताना या गटाची भर पडली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅन्टोप्राझोलने तो धोका कमी होतो, जात नाही.

सेरॅशिओपेप्टिडेजने सूज उतरते याला म्हणावा असा आधार नाही. शिवाय आत्याच्या गोळीत ते एकटं नाही, सोबत एसिक्लोफिनॅक आहे. आत्याला दुखवायचं नसेल तर 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्याबरोबर चालत नाही' एवढं सांगा, पटेल. खरंच आहे ते.

ट्रामाडॉलबद्दल आणखी दोन गोष्टी. झोपेची किंवा नैराश्याची गोळी (एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, ॲमिट्रिप्टिलिन वगैरे) किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असेल, किंवा कधी फिट आली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, त्यामुळे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणार नाही आणि मिळूही नये. शनिवारी संध्याकाळी स्ट्रिप संपली असं होऊ देऊ नका. चार गोळ्या उरल्या की डॉक्टरांशी बोला. पुढे लागणार असेल तर नवी चिठ्ठी, नाहीतर बंद करायचा दिवस ठरवून घ्या.

पाऊलवाट

फिजिओथेरपीच्या बाजूने. गोळी आणि व्यायाम यांची वेळ जुळत नसेल तर दोन्ही वाया जातात. पॅरासिटामॉल अर्ध्या ते एक तासात लागू पडतं आणि चार-सहा तासांत उतरतं. सकाळी सातला गोळी आणि साडेअकराला फिजिओ, म्हणजे भट्टी विझल्यावर भाकरी टाकण्यासारखं. साडेसातला नाश्ता आणि गोळी, साडेआठला व्यायाम, असं ठेवा. येणाऱ्या थेरपिस्टला वेळ बदलता येत नसेल तर गोळी सरकवा, चार तासांचं अंतर मोडू नका.

बर्फाचा शेक औषधाइतकाच मनावर घ्या. आइस पॅक किंवा मटारची गोठलेली पिशवी पातळ पंचात गुंडाळून मांडीच्या बाहेरच्या अंगाला १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, व्यायामानंतर तर नक्कीच. जखमेचं ड्रेसिंग भिजता कामा नये. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, तेल लावून मालीश यातलं काहीही नको. पहिल्या आठवड्यात मांडी सुजते, काळंनिळं रक्त खाली उतरून गुडघ्यापर्यंत, कधी पोटरीपर्यंत दिसतं. चोळून ते जात नाही, आपोआप जिरतं. 'गुडघ्याचं तर ऑपरेशन नव्हतं, मग गुडघा का दुखतो' हा प्रश्न हमखास येतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं नेहमीचं आहे.

रात्रीच्या दुखण्यात औषधाइतकाच हात पोझिशनचा असतो. पाठीवर झोपवा, दोन्ही पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जाड उशी ठेवा, पंजा छताकडे. मागची चीर असल्यामुळे पायावर पाय नको, पंजा आत वळवायचा नाही, मांडी आणि पोट यांच्यात काटकोनापेक्षा कमी कोन होऊ द्यायचा नाही. म्हणजे पाट, सोफ्याची खोल गादी, भारतीय संडास सगळं बंद, डॉक्टर मोकळीक देईपर्यंत. संध्याकाळी तासभर सलग खुर्चीत बसवलं की रात्री ठणका लागतो. अर्ध्या तासाने उठवा, चार पावलं चालवा, परत आडवं करा.

ऋतुजा_क

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन झाला. बीपी १५२/९४ होतं. एटोरिकॉक्सिब बंद केली. बीपीची एकत्र गोळीही तात्पुरती बंद, तिच्याऐवजी अॅम्लोडिपिन ५ दिलंय. मेटफॉर्मिन रिपोर्ट येईपर्यंत सकाळी एकदाच, शुगर घरी बघायला सांगितलीय. परवा क्रिएटिनीन आणि सोडियम-पोटॅशियम. पाणी दिवसाला दोन लिटरच्या आसपास द्या म्हणाले. दुखण्यासाठी: पॅरासिटामॉल ६५० चार वेळा करा, ट्रामाडॉलची गोळी रोज दोन ठरवूनच द्या, एक सकाळी व्यायामाआधी आणि एक झोपताना.

मी बेरीज केली. ६५० चौक २६००, अधिक ३२५ दुणे ६५०, एकूण ३२५०. म्हणजे ३ ग्रॅमच्या वर जातंय ना?

पोटाचं अजून तसंच आहे.

खलबत्ता

बेरीज बरोबर आहे. फोनवर गोळ्या वाढवताना संयुक्त (ट्रामाडॉल + पॅरासिटामॉल) गोळीतलं पॅरासिटामॉल राहून जातं, ही फार नेहमीची चूक आहे. मार्ग सोपा आहे, पण टीमला एक मेसेज टाकून होकार घ्या: ज्या दोन वेळी ट्रामाडॉलची गोळी देणार, त्या वेळी ६५० ची अर्धीच द्यायची. अर्धीत ३२५, संयुक्त गोळीत ३२५, बेरीज पुन्हा ६५०. चारही वेळा ६५० च होतात, दिवसाचे २६००.

सकाळी ७.३०, नाश्त्यानंतर: संयुक्त १ + पॅरासिटामॉल अर्धी
दुपारी १.३०: पॅरासिटामॉल १
संध्याकाळी ६: पॅरासिटामॉल १
रात्री १०.३०, थोडं दूध किंवा पेज घेऊन: संयुक्त १ + पॅरासिटामॉल अर्धी

रात्री तीनला ठणका लागला तर? संयुक्त गोळी एक जास्तीची देता येईल का, हे आत्ताच विचारून ठेवा, रात्री तीनला विचारायला कुणी नसतं. होकार मिळाला तर साडेचारच्या आधी नको, म्हणजे सहा तास होतात, आणि सकाळची साडेसातची खेप मग साडेदहाला, दुपारची अडीचला, संध्याकाळची साडेसहाला, म्हणजे चार तासांचं अंतर मोडत नाही. त्या दिवशी एकूण २९२५ होतील, ३ ग्रॅमच्या काठावर. म्हणून रोजची वाट करू नका. दोन रात्री लागोपाठ लागली तर वेळापत्रकच बदलायला हवं, ते डॉक्टरांवर सोपवा.

अर्धी तोडायला गोळी कापायची छोटी डबी मेडिकलमध्ये मिळते. सुरीने तुकडे उडतात.

रात्रपाळी

वीस वर्षं ऑर्थो वॉर्डात नर्सिंग करते, पोटाचं मी बोलते. शेवटी सगळे तिथेच अडकतात.

इसबगोल आत्ता नको. ट्रामाडॉल आतड्याची हालचालच मंद करतं. त्यात पाणी कमी आणि वर इसबगोलचा गोळा, म्हणजे बाहेर पडायला वाट नाही आणि मागून लोंढा. या बद्धकोष्ठाला आतडं हलवणारं औषध लागतं. आज विचारा: बिसाकोडिल ५ मिग्रॅ रात्री झोपताना चालेल का, सोबत लॅक्टुलोज १५ मिली. बिसाकोडिल ६ ते १२ तासांत काम करतं, म्हणून रात्री घेतलं की सकाळी चहानंतर. ती गोळी चावायची नाही आणि दुधाबरोबर घ्यायची नाही, आवरण पोटातच विरघळून कळा येतात. खलबत्ता यांनी रात्रीच्या खेपेला दूध सुचवलंय, तर बिसाकोडिलच्या रात्री पेजच द्या. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात, सुरुवातीला गॅस धरतो. शुगर असलेल्यांना या प्रमाणात सहसा अडचण येत नाही, तरी सांगून द्या. ट्रामाडॉल चालू आहे तोवर हे रोज द्यायचं, 'आज झाली, आता बंद' असं नाही.

पण आधी पोट बघा. फुगून टणक झालंय, उलट्या होतायत, गॅसही सरत नाही, असं असेल तर जुलाबाचं काही देऊ नका, दाखवायला न्या. आतडंच थांबलेलं असू शकतं.

बसायला उंच सीट लावा, गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. एरवी शी होत नाही म्हणून पायाखाली पाट देतात, तो इथे चालणार नाही, खुबा दुमडतो. कुंथू देऊ नका. सकाळी कोमट पाणी, मग चहा, मग चार पावलं चालून मग बसवा. पपई, भिजवलेले काळे मनुके, पालेभाजीचं वरण चालेल.

आणखी एक, रात्रीबद्दल. आता प्रेगाबालिन आणि ट्रामाडॉल दोन्ही रात्री जवळजवळ पडणार. दोन्ही गुंगी आणतात, आणि प्रेगाबालिन जवळजवळ सगळं लघवीवाटे जातं, म्हणजे किडनी मंद असेल तर साठतं. प्रेगाबालिन ठेवायचं का, हेही टीमला विचारा. ठेवलं तर पहिले दोन-तीन दिवस खोलीत कुणीतरी झोपा. झोपल्यावर एक मिनिट घड्याळ लावून छाती किती वेळा वर येते ते मोजा. बारा ते वीस ठीक. दहाच्या खाली, किंवा हाक मारून, खांदा हलवूनही नीट जाग येत नसेल, किंवा घोरणं मध्येच थांबून श्वास अडकत असेल तर पुढची गोळी नाही, सरळ १०८. झोपेची गोळी किंवा कफ सिरप वरून देऊ नका. रात्री लघवीला उठताना हात धरल्याशिवाय नाही. नव्या खुब्यावर पडणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन थिएटर.

अचानक वेळकाळ कळेना, 'मी कुठे आहे' असं बोलू लागल्या तर वयाला चिकटवून मोकळे होऊ नका. ट्रामाडॉल, प्रेगाबालिन, तुंबलेली लघवी, अडकलेलं पोट, उतरलेलं सोडियम, यातलं काहीतरी असतं, आणि बहुतेक वेळा सापडतं.

एक वही करा. वेळ, गोळी, गोळीआधीचा आकडा, तासाने आकडा, लघवी, शी. फॉलोअपला 'फार दुखतं' सांगण्यापेक्षा ती वही पुढे ठेवली की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

शुद्धीवर

रात्रपाळी यांच्याशी पूर्ण सहमत, प्रेगाबालिनबद्दल तर विशेष. बद्धकोष्ठाबरोबर मळमळही असेल तर ओंडनसेट्रॉन मागताना लक्षात ठेवा की ते स्वतः पोट बांधतं आणि ट्रामाडॉलचा जोरही थोडा कमी करतं. आधी जेवणाबरोबर गोळी देऊन बघा.

चौथा प्रश्न राहिला होता, आधी काय बंद करायचं. चढताना ज्या पायरीवर शेवटी पोचलो, उतरताना ती पहिली. आधी ट्रामाडॉल, कारण दुष्परिणाम त्याचे जास्त. दुपारचा आकडा दोन दिवस ३ च्या खाली राहिला की सकाळची संयुक्त गोळी काढा आणि तिथे ६५० पूर्ण करा. अर्धी गोळी तशीच चालू ठेवली तर पॅरासिटामॉलही कमी होतं आणि दुखणं परत उसळतं, मग वाटतं ट्रामाडॉलशिवाय चालतच नाही. दोन-तीन दिवसांनी रात्रीची. बहुतेकांचं हे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत जमतं. प्रेगाबालिन दहा-बारा दिवसांत थांबलं तर उत्तम. त्यापेक्षा लांबलं तर एकदम तोडू नका, आठवडाभरात उतरवा. पॅरासिटामॉल सगळ्यात शेवटी. तीन ते सहा आठवडे कधी चार वेळा, कधी दोन वेळा, असं लागू शकतं. सहा आठवड्यांनंतरही खुर्चीतून उठताना पहिली दोन पावलं ओढल्यासारखी वाटतात, त्याला गोळी लागत नाही.

रोजच्या रेषेने दुखणं उतरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दवाखान्यातली औषधं आणि खुब्यात भरलेलं बधिरतेचं औषध पूर्ण उतरल्यावर, एकदा चढतंच. जास्त चाललेल्या दिवशीही चढतं. आराम आणि बर्फ घेऊन दुसऱ्या दिवशी उतरलं तर काळजी नाही.

पुढच्या गोष्टींवर मात्र गोळी वाढवत बसायचं नाही. एकदम कट् आवाज होऊन प्रचंड कळ, पाय आखूड आणि आत वळलेला, उभंच राहता येत नाही: सांधा निखळलाय, काही खायला-प्यायला न देता १०८. एकाच पोटरीत दुखणं, टणक सूज, किंवा अचानक दम लागणं, छातीत दुखणं: गुठळी, अपिक्साबॅन चालू असली तरी. चार-पाच दिवसांनंतर जखमेतून पाणी किंवा पू, ताप, आणि उतरत आलेलं दुखणं पुन्हा रोज वाढत जाणं: जंतुसंसर्ग, त्याच दिवशी दाखवायचं. इथे एक मेख आहे. पॅरासिटामॉल दिवसातून चार वेळा चालू असताना ताप झाकला जातो. म्हणून ताप मोजायचा तो पुढची गोळी देण्याच्या आधी. डांबरासारखी काळी शी: पोटात रक्तस्राव. लघवी दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा कमी: क्रिएटिनीनसाठी परवाची वाट बघू नका.

सांजवात

याच धाग्यात विचारते. वडिलांना याच ऑपरेशननंतर बुप्रेनॉर्फिनचा पॅच लावून घरी पाठवलंय, ५ मायक्रोग्रॅम, सात दिवसांचा. खलबत्तांनी वर सांगितलेला पॅच तो हाच का? आणि त्यावर ट्रामाडॉल पण लिहिलंय.

खलबत्ता

नाही, हा वेगळा. वरचा डायक्लोफिनॅकचा, सूज-दुखीच्या गटातला. तुमचा ट्रामाडॉलच्या जातीचा, म्हणजे गुंगी, बद्धकोष्ठ, श्वास यांबद्दल रात्रपाळी यांनी लिहिलेलं सगळं लागू. दोन्ही एकत्र मुद्दाम लिहिलंय की डिस्चार्जच्या गडबडीत राहून गेलंय, हे आज फोन करून विचाराच, आणि उत्तर मिळेपर्यंत ट्रामाडॉल देऊ नका. ५ म्हणजे तासाला ५ मायक्रोग्रॅम, सात दिवस सतत. पॅच लावल्यावर पूर्ण लागू पडायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी दुखतंय म्हणून दुसरा शेजारी चिकटवू नका. काढल्यावरही साधारण एक दिवस असर राहतो, तेवढ्यात त्याच जातीचं दुसरं औषध सुरू करायचं तर डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा छातीच्या वरच्या भागावर, केस कमी असलेल्या कोरड्या त्वचेवर लावा. साबण, तेल, पावडर काही नको. तळव्याने तीस सेकंद दाबून धरा, वर पेनने तारीख लिहा. पुढचा पॅच दुसऱ्या जागी, जुन्या जागेवर तीन आठवडे नाही. त्यावर गरम पिशवी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, बंबाच्या कढत पाण्याची धार नको, उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं. ताप चढला तरी तेच होतं, म्हणून त्या दिवशी गुंगीकडे जास्त लक्ष ठेवा. काढलेल्या पॅचमध्ये औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत दुमडून, पाकिटात घालून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.